धुरात परतीची वाट दाखवणारे उपकरण विद्यार्थ्यांनी कसे घडवावे

धुराने भरलेल्या इमारतीत अग्निशामक जवान ताठ चालत नाही. तो गुडघ्यांवर रांगतो, एक हात भिंतीला किंवा होज पाइपला लावून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पुढची जमीन चाचपतो. म्हणून एकही सेन्सर विकत घेण्याआधी अग्निशमन केंद्रात रीतसर परवानगीने जाऊन जवानांचा सराव पाहावा आणि शक्य झाल्यास जाड हातमोजे घालून, डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः एक खोली रांगत पार करावी.

उपकरणाचे काम एकच ठरवावे : जवान ज्या वाटेने आत गेला, त्याच वाटेने त्याला बाहेर आणणे. अमेरिकेतील वूस्टर येथे ३ डिसेंबर १९९९ रोजी शीतगृहाला लागलेल्या आगीत दोन जवान आत वाट चुकले आणि त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघेही परतले नाहीत. इमारतीचा नकाशा हाताशी नसतानाही आपण आलो ती वाट उलगडून दाखवता येते, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

जीपीएसचा संकेत इमारतीत भरवशाचा नसतो, म्हणून त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा) आणि जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा) एकत्र असलेला सेन्सर बुटाला घट्ट बसवून हालचालीवरून स्थान काढावे लागते. इथे खरी अडचण येते. त्वरणाच्या मोजणीत ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकीच कायमची चूक असली, तरी एका मिनिटात स्थान ९० मीटरने चुकते, कारण चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तिला आवर घालण्यासाठी पाऊल जमिनीवर टेकून क्षणभर स्थिर होते तो क्षण ओळखावा (त्या वेळी जायरोस्कोपचे आकडे शून्याजवळ येतात आणि एकूण त्वरण ९.८ च्या आसपास, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाइतके राहते) आणि तिथे वेग शून्य धरून हिशेब पुन्हा सुरू करावा. मात्र रांगताना पाऊल असे टेकत नाही, ते फरपटत जाते. चालताना उत्तम चालणारा प्रोग्राम इथेच फसतो. यासाठी गुडघ्यावर दुसरा सेन्सर लावून गुडघा टेकल्याचा क्षण वेगळा ओळखावा आणि रांगण्याच्या नोंदी चालण्याच्या नोंदींपेक्षा जास्त घ्याव्यात.

मजला ओळखण्यासाठी वायुदाब सेन्सर वापरावा. उंचीच्या दर मीटरला दाब सुमारे १२ पास्कलने घटतो. चुंबकीय होकायंत्रावर विसंबू नये, कारण लोखंडी सळ्यांजवळ त्याची दिशा ढळते. अडथळे टिपण्यासाठी प्रकाशकिरणांवर चालणारा अंतरमापक घेतल्यास तो दाट धुरालाच भिंत समजू शकतो; ध्वनिलहरी परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरलाही मर्यादा आहे, कारण २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असलेला ध्वनीचा वेग २०० अंशांच्या हवेत सुमारे ४३६ मीटर होतो आणि तापमानाची दुरुस्ती न केल्यास भिंत आहे त्यापेक्षा जवळ दिसते.

माहिती पडद्यावर दाखवण्यापेक्षा कंपनाने द्यावी. दोन्ही दंडांवर एकेक कंपन मोटर पुरेशी आहे : डावीकडे वळायचे असल्यास डावा दंड, उजवीकडे असल्यास उजवा, आणि उपकरणाला स्वतःच्या स्थानाची खात्री उरली नसेल तर दोन्हीकडे तीन लांब कंपने. हा तिसरा संकेत कधीही वगळू नये. चुकीची दिशा ठामपणे सांगणारे उपकरण जवळ नसलेलेच बरे. मोटर श्वसनयंत्राच्या पट्ट्यांखाली येऊ देऊ नये, कारण तिथे पोशाखाचे थर दाबले गेल्याने उष्णता त्वचेपर्यंत लवकर पोहोचते. लिथियमच्या साध्या बॅटरीची वापराची मर्यादा बहुधा ६० अंशांपर्यंतच असते, तेव्हा हे प्राथमिक उपकरण खऱ्या आगीत नेऊ नये.

चाचणी मोकळ्या इमारतीत, मास्कची काच कागदाने झाकून आणि सोबत एक डोळस साथीदार ठेवून घ्यावी. दारापासून निघून वळणे घेत, जिना चढून-उतरून पुन्हा त्याच दारात यावे आणि उपकरणाने दाखवलेला शेवटचा बिंदू दारापासून किती दूर पडला ते मोजावे. हे अंतर एका दाराच्या रुंदीपेक्षा जास्त भरत असेल, तर दंडावरच्या मोटरी जोडण्याची घाई न करता गुडघ्याच्या नोंदींकडे परत जावे.