रानात माणसं बोलवायच्या आधी

वडिलोपार्जित डोंगर पडून आहे, त्यावर आता बऱ्यापैकी रान आलंय, तर मुंबई-पुण्याच्या सात-आठ जणांना शनिवार-रविवार बोलवू, चूल पेटवायला, खोप बांधायला शिकवू, असा बेत हल्ली कोकणात बरेच जण करतात. बेत चांगलाच आहे. फक्त तयारीची सुरुवात पाहुण्यांच्या सोयीपासून करू नका. हे रान परत कसं आलं ते आधी आठवा. भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजायची, त्या भाजावळीसाठी दरवर्षी ऐन-किंजळीचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडलं जायचं, त्यामुळे झाडं खुरटीच राहायची. शेती सुटली, कवळ थांबलं आणि बुंध्यांना आलेले फुटवे वर गेले. आता दर शनिवारी आठ हातांत कोयते दिलेत, तर परत तेच कवळ होईल, वर पैसे घेऊन.

म्हणून पहिली फेरी लाकडाची. दिवाळीनंतर गवत वाळलं की एकट्याने डोंगर फिरा आणि पडलेलं, वाळलेलं लाकूड कुठे किती आहे ते बघून ठेवा. तेही सगळं उचलायचं नाही. कुजणाऱ्या ओंडक्याखाली रान पोसतं. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं, तुमच्याच सातबाऱ्यातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडायला देण्याजोगं मात्र भरपूर सापडतं: बांधावरचं गिरिपुष्प, कोणे एके काळी लावलेला अकेशिया, आणि रानमोडीचं तण तर हवं तितकं, ते गेलं तर बरंच. खोपीच्या वाशांना माणगा किंवा चिवा बांबू घ्या. बेटातली या वर्षीची हिरवीगार काठी सोडून तीन वर्षांची जून काठी तोडायची, हे पाहुण्यांनी नुसतं ऐकून नव्हे, बेटाशी उभं राहून शिकायला हवं. बांबूचं बंद पेर विस्तवात घातलं तर फटाक्यासारखं फुटतं. भोक पाडल्याशिवाय एकही तुकडा चुलीत जाता कामा नये. बांधायला सुंभ आणा, किंवा केवणीची साल काढायला शिकवा. आणि चमचा कोरायला कुणी हौसेने उचललेलं लाकूड काजऱ्याचं नाही ना, ते तुम्ही स्वतः बघा. काजरा विषारी. बिब्ब्याचं झाड वाटेवर असेल तर त्याला खुणेची चिंधी बांधा, चिकाने अंगावर फोड येतात.

तारखा डिसेंबर-जानेवारीच्याच धरा. शिमग्याच्या सुमारास सडे, म्हणजे माथ्यावरची कातळाची मोकळी पठारं, वाळून कोळ होतात, वणवे लागतात. त्या दिवसांत उघड्यावर आग नको, कितीही जणांनी विचारलं तरी. थंडीतसुद्धा आगीचा धडा सकाळी उरकायचा, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. चुलीभोवती चारी बाजूंनी दहा-बारा फूट पातेरा (पडलेला पाला) झाडून काढा, दोन भरलेल्या बादल्या आणि ओल्या फांद्या हाताशी ठेवा. चुलीला दगड सड्यावरचे कोरडे, पऱ्यातले (ओढ्यातले) ओले नको. तापले की तडकतात. आणि उघड्या कातळावर चूल मांडायचा मोह झाला तर थांबा. आधी कातळ खराट्याने लख्ख झाडा. बारसू, देवाचं गोठणं, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत, 2022 साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि तुमच्या सड्यावर मातीखाली एखादं नसेलच असं नाही. जांभ्यावर जाळ केला की वरचा पापुद्रा सुटतो. रेघ दिसली तर तिथे चूल नाही आणि तंबूची खुंटीही नाही.

पाण्याचं थोडक्यात: डिसेंबरात खळखळणारा पऱ्या होळीपर्यंत डबक्यांवर येतो, तेव्हा आठवडाभर आधी जाऊन बघा. माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-शिजवण्याचं धरा आणि ते उकळूनच. शौचाचा खड्डा पाण्यापासून लांब, दोनशे पावलांच्या आत नको. जांभ्यात तो पहारीशिवाय होत नाही, म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गड्याकडून खणून घ्या.

हद्दीवरून एक फेरी फासकी बघायला मारा. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटेही अडकतात, माणसाचा पायही अडकेल. याच फेरीत वाडीवर बसून चहा घ्या, कोण येणार, किती वाजेपर्यंत आग असेल ते सांगा. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं राहू देऊ नका. तुमचा विश्वास असो-नसो, गावाला विचारलंत हे त्यातून कळतं. आणि रात्री डोंगरावर उजेड दिसला तर वाडीतून कोणी काठ्या घेऊन येत नाही.

आता जिथे टाळाटाळ चालत नाही ते. आपल्याकडे फुरसं भरपूर. लहान, मातकट, दगडाखाली आणि पातेऱ्यात बसलेलं दिसतच नाही. बूट घोट्याच्या वरपर्यंत, सरपण आधी काठीने हलवायचं मग उचलायचं, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आदल्या आठवड्यात फोन करून सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा. नसेल तर पुढचं कुठलं, ते कागदावर लिहा. दंश झाला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय न हलवता माणूस गाडीत घाला. 108 ला फोन कुठल्या दगडावर उभं राहिलं की लागतो, तेही आधीच शोधून ठेवा. विंचवालाही हेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केल्यापासून विंचूदंशाने माणसं दगावणं खूप कमी झालंय, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचावा लागतो. वाटेत पाला चोळत बसायचं नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडची जमीन असेल तर माकडताप ध्यानात ठेवा: गोचिडी संध्याकाळी अंगावर तपासा, मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा आणि शिबिर रद्द करा.

कोयती दोघांत एक पुरे. रिकामी असली की ती कमरेच्या आकडीत जाते, जमिनीवर पडून राहत नाही. धार आदल्या दिवशी लावून घ्या, बोथट कोयती घसरते. शिकवणारा वाडीतलाच असावा, आणि त्याला रोजंदारी नव्हे, शिक्षकाचं मानधन द्या. आपण त्याच्याकडून चार गोष्टी शिकून पाहुण्यांपुढे मिरवायच्या, तर निदान पैसा त्याच्या हातात जाऊ दे.

जेवणात फार डोकं चालवू नका. उकड्या तांदळाची पेज, सुकट, भाकरी. एक रात्र रायगड जिल्ह्यातल्यासारखी पोपटी लावा: वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात, तोंडाला भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. चकमकीने आग पेटवण्यापेक्षा लोक यातच जास्त रमतात.

पैसे घेऊन नियमित करणार असाल तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते का, ते बघून घ्या. पाहुण्यांच्या फॉर्मवर रक्तगट, चालू औषधं, मधमाशीची किंवा काजूची ॲलर्जी, टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं, आणि घरच्या एका माणसाचा नंबर. शेजारच्या डोंगरावर वणवा दिसला तर शिबिर रद्द आणि पैसे पूर्ण परत, हेही त्याच फॉर्मवर छापा.