एल्कची शिकार: गोळीची निवड आणि नेमाची जागा

कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या अमेरिकी राज्यांत शरद ऋतूत परवान्यावर एल्क या मोठ्या हरणाची शिकार होते. कोणती रायफल घ्यावी यावर शिकारी तासन् तास वाद घालतात. मात्र जनावर लवकर पडणार की जखमी होऊन दरीपलीकडे जाणार, हे गोळी छातीत कोणत्या कोनातून शिरली आणि किती खोल गेली यावर अधिक ठरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार करता येत नाही, त्यामुळे हे विवेचन अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी आहे. तेथे तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना एरवी बंदूक बाळगता येत नाही आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्या नियमाच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून आधी परवाना, मग रायफल.

पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो. कोलोरॅडोच्या नियमांनुसार एल्कसाठी किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) वजनाची, आघातानंतर फुलणारी गोळी लागते; पण ही कायद्याची किमान पायरी आहे, तिला शिफारस समजू नये. शिशावर तांब्याचे पातळ कवच असलेली साधी गोळी जवळच्या अंतरावर, वेग जास्त असताना, खांद्याच्या हाडावर आदळून फुटू शकते व फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकी गोळी-उत्पादक जॉन नोस्लर यांनी १९४० च्या दशकात मधे तांब्याची आडभिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली ती याच अडचणीवर: पुढचा भाग फुलून झिजला तरी मागचा शाबूत राहून आत शिरत राहतो. पूर्ण तांब्याची गोळी आपले जवळजवळ सगळे वजन टिकवते, मात्र ती नीट फुलण्यासाठी आघाताच्या वेळी वेग पुरेसा असावा लागतो. थर्टी-ऑट-सिक्स या प्रचलित रायफल-काडतुसाची १८० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,७०० फुटांनी निघते आणि ३०० यार्डांवर तिचा वेग २,००० ते २,२०० पर्यंत उतरतो. आपली गोळी किती वेगाखाली फुलत नाही, हे उत्पादकाच्या माहितीत पाहावे आणि त्या वेगाचे अंतर हीच आपली कमाल मर्यादा मानावी. नेम त्याआधीच डळमळत असेल, तर मर्यादा आणखी अलीकडे आणावी.

जनावर पूर्ण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्यावी आणि छातीच्या उंचीच्या खालून एकतृतीयांशापेक्षा किंचित वर नेम धरावा. हृदय पुढच्या पायांच्या मधे, बरेच खाली असते. फुप्फुसे त्याच्या वर आणि मागे पसरलेली असतात, म्हणून नेम थोडा चुकला तरी येथे सवड मिळते. खांद्यापाशी पाठीचा कणा वाटतो त्यापेक्षा खाली असतो आणि वरचा उंचवटा मुख्यतः मणक्यांचे उभे काटे, स्नायू व केस यांचा असतो. नवखा शिकारी बाह्याकृतीचा मध्य धरतो आणि गोळी वर जाते, ती यामुळेच.

जनावर तिरके, आपल्यापासून दूर तोंड करून उभे असेल, तर अलीकडच्या बाजूचा विचार सोडून द्यावा आणि पलीकडच्या पुढच्या पायाच्या दिशेने गोळी निघेल असा नेम धरावा. कोन फार तिरपा असेल, तर गोळीला आधी पोट ओलांडावे लागते. रवंथ करणाऱ्या जनावराचा मोठा कोठा डाव्या बाजूस असतो व तो ओल्या चाऱ्याने भरलेला असला, की चांगल्या गोळीचाही जोर तेथेच सरतो. म्हणून डावीकडून असा नेम घेताना अधिक चोखंदळ राहावे. समोरून तिरके उभे असेल तर ते वळेपर्यंत थांबणे बरे. मागून, डोक्यावर किंवा धावत्या जनावरावर गोळी झाडू नये.

फुप्फुसात गोळी लागलेला एल्कही काही क्षण काहीच झाले नसल्यासारखा उभा राहतो, म्हणून लगेच दुसरे काडतूस चढवावे आणि तो उभा असेपर्यंत पुन्हा झाडावी. तो दिसेनासा झाल्यास उभा होता ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने पक्की करून अर्धा तास थांबावे, मगच रक्त पाहावे. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे असते, गडद लाल बहुधा यकृताचे. हिरवट चारा मिसळलेला दिसला तर गोळी पोटात गेली आहे असे समजून निदान पाच-सहा तास माग काढू नये, कारण हुसकावलेले जनावर मैलोगणती जाते आणि पुढे रक्ताचा थेंबही सापडेनासा होतो.