नव्या लॅपटॉपमधली नको असलेली ॲप्स काढताना या चुका टाळा

नवा विंडोज लॅपटॉप सुरू केला की पहिल्या तासाभरातच कोपऱ्यात अँटिव्हायरसची पाटी येते: ट्रायल संपत आली, आत्ताच पैसे भरा. स्टार्ट मेनू उघडावा तर तिथे सॉलिटेअर, लिंक्डइन, क्लिपचॅम्प, एक्सबॉक्स अशी रांग लागलेली असते. यातलं आपण काहीच मागितलेलं नसतं. पुरे पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर काय ठेवायचं हे आपणच ठरवायचं, त्यामुळे ही आगंतुक ॲप्स काढावीत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घाईत काढायला गेलं की कुणाचा आवाज बंद होतो, कुणाचा डेस्कटॉप रिकामा होतो, तर कुणाचं मशीन विनासंरक्षण राहतं. म्हणून काढण्याआधी समोरची गोष्ट काय आहे, हे आधी ओळखा.

अनपिन केलं म्हणजे ॲप गेलं, असं समजू नका

स्टार्ट मेनूतल्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘अनपिन’ केलं की चिन्ह तेवढं जातं, ॲप जागेवरच राहतं. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट डिलीट केला तरी तेच. खरी यादी सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे असते. विंडोज १० मध्ये तिचं नाव ॲप्स अँड फीचर्स. उलटही घडतं. स्टार्ट मेनूतली काही चिन्हं नुसत्या लिंक असतात आणि क्लिक केल्यावरच ॲप डाउनलोड होतं. चिन्ह दिसतंय पण यादीत नाव नाही, तर अनपिन करा आणि विसरून जा.

प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर हाताने उडवू नका

अनइन्स्टॉल करणारी फाइल बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये असते. फोल्डर उडवला की यादीत नाव राहतं आणि ‘अनइन्स्टॉल’ दाबल्यावर एरर येते. मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) नोंदीही तशाच पडून राहतात. हे आधीच होऊन बसलं असेल तर तोच प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करा आणि मग रीतसर काढा, बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ फुकट मिळतो, तो चालवून पाहा.

संपलेला ट्रायल अँटिव्हायरस तसाच ठेवू नका

नव्या लॅपटॉपवरून सगळ्यात आधी काय काढावं, असं विचारलंत तर माझं उत्तर हेच आहे. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला होतो. ट्रायल संपली की त्या अँटिव्हायरसचे अपडेट थांबतात. पाटी रोज येते आणि आपण ती रोज बंद करतो. अशा वेळी मशीनची राखण नेमकं कोण करतंय, हे बऱ्याच घरांत कुणालाच ठाऊक नसतं. त्यावर कुणीतरी आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस चढवतं, मग दोघे एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन कूर्मगतीने चालू लागतं.

आधी यादीतून अनइन्स्टॉल करा. मॅकॅफी असेल तर ‘वेबॲडव्हायझर’ नावाची वेगळी नोंद असू शकते, तीही काढा. मशीन रीस्टार्ट करा. तरीही अवशेष दिसले तर त्याच कंपनीचं काढून टाकण्याचं टूल वापरा. मॅकॅफी आणि नॉर्टन या दोघांचीही अशी टूल्स आहेत, पण ती कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू झालंय का, ते स्वतः बघा. डिफेंडर सहसा आपोआप परत येतो, पण ही खात्री झाल्याशिवाय बँकेचं काम करू नका.

वनड्राइव्ह काढण्याआधी फाइल्स कुठे आहेत ते पाहा

सगळ्यात जास्त घाबरे फोन याच कारणाने येतात: “वनड्राइव्ह काढलं आणि डेस्कटॉपवरचं सगळं गेलं!”

वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल साठवण. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. विंडोज ११ सेटअप करताना आपण ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ करत जातो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांचा बॅकअप सुरू होतो. तेव्हापासून हे फोल्डर प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत जाऊन बसतात. वनड्राइव्ह तोडलं की विंडोज जुना, रिकामा डेस्कटॉप दाखवू लागतं. फाइल्स शोधायच्या त्या सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डेस्कटॉप या वाटेने. तिथे नसल्या तर ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या साइटवर लॉगिन करून बघा.

रीतसर काढायचं असेल तर आधी वनड्राइव्हचा फोल्डर उघडून फाइलींच्या शेजारची चिन्हं बघा. निळा ढग दिसला तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाही, फक्त सर्व्हरवर आहे. हिरवी बरोबरची खूण म्हणजे मशीनवर आहे. सगळं निवडून राइट क्लिक करा, ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ घ्या आणि एकही ढग उरणार नाही तोवर थांबा. मग टास्कबारवरच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमधून ‘मॅनेज बॅकअप’ उघडा आणि तिन्ही फोल्डर बंद करा. वनड्राइव्हमध्ये मागे राहिलेल्या फाइल्स मूळ फोल्डरांत कॉपी करा. त्यानंतर ‘अनलिंक धिस पीसी’, आणि अनइन्स्टॉल सगळ्यात शेवटी.

अनलिंक करण्याआधी वनड्राइव्हच्या फोल्डरमधलं काहीही डिलीट करू नका. तिथे डिलीट केलं की सर्व्हरवरूनही जातं आणि दुसऱ्या मशीनवरूनही. तशी चूक झालीच तर वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये फाइल ३० दिवस राहते.

सुक्याबरोबर ओलं जाळू नका

यादीत अनोळखी नावं बरीच असतात. रिअलटेक म्हणजे आवाज, सिनॅप्टिक्स किंवा इलान म्हणजे टचपॅड. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल वेगवेगळ्या सालांसह पाच-सहा वेळा दिसतं, पण त्या एकाच गोष्टीच्या प्रती नाहीत. प्रत्येक आवृत्तीवर वेगळे प्रोग्रॅम अवलंबून असतात. वेबव्ह्यू२ रनटाइम (ॲपच्या आत वेबपेज दाखवणारा भाग) हाही राहू द्या, आउटलुक आणि टीम्स ते वापरतात.

लॅपटॉप कंपनीच्या ॲपबाबत मी थोडा सबुरीचा सल्ला देईन. लेनोवो व्हँटेज, मायआसुस यांत जाहिराती असतात हे खरं, पण बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय आणि बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेटही तिथूनच मिळतात. दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. शंका असेल तर काढू नका. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप ॲप्समध्ये ते डिसेबल करा आणि आठवडाभर वापरून बघा. काही अडलं नाही तर मग अनइन्स्टॉल करा.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपच्या किमतीतच ऑफिसचा कायमचा परवाना येतो. तिथेच वर्गणीवर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ट्रायलही असते आणि लोक दोन्ही एकच समजून उडवतात. आधी वर्ड उघडून स्वतःच्या खात्याने ऑफिस ॲक्टिव्हेट करा. दुकानदाराच्या खात्याने मुळीच नको, कारण परवाना त्या खात्याशी बांधला जातो. एकदा तुमच्या खात्यात नोंद झाली की ऑफिस पुन्हा डाउनलोड करता येतं.

एका क्लिकमध्ये सफाईच्या मागे लागू नका

व्हिडिओत दाखवलेली स्क्रिप्ट (आज्ञांची तयार फाइल) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची आणि शंभर गोष्टी एकदम काढायच्या, हा मार्ग मला पटत नाही. त्यातल्या काही स्क्रिप्ट विंडोज अपडेट बंद करतात, काही मायक्रोसॉफ्ट स्टोअरच काढून टाकतात. महिन्याने काहीतरी बिघडतं तेव्हा नेमकं काय काढलं होतं हे सांगता येत नाही. रजिस्ट्री क्लीनर तर नकोच, मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. नावाजलेलं टूल म्हणजे सुरक्षित, असंही नाही: २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या टूलच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती सुमारे २२ लाख मशीनवर पोचली होती.

पण नुसतं अनइन्स्टॉल नेहमीच पुरतं असंही नाही. २०१४-१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं. त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणती साइट खरी मानायची हे ठरवणारा दाखला) बसवलं होतं आणि प्रोग्रॅम काढला तरी ते तसंच राहायचं. त्यामुळे बँकेची खोटी साइटही ब्राउझरला खरी वाटू शकली असती. अखेर लेनोवोला ते काढण्याचं वेगळं टूल द्यावं लागलं.

काढलेली ॲप्स परत येत असतील तर

स्टोअरमधली ॲप्स एका युजरपुरती निघतात. मूळ प्रत विंडोजमध्ये राहते, म्हणून नवा युजर केला की तीच रांग पुन्हा लागते. मशीन पूर्ण स्वच्छ हवं असेल तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेऊन नव्याने इन्स्टॉल करा. विंडोजसह घेतलेल्या लॅपटॉपची ‘प्रॉडक्ट की’ मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते.

त्याआधी फाइल्सचा बॅकअप घ्या आणि वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर विंडोज येतं पण इंटरनेट येत नाही. इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना एसएसडी, म्हणजे मशीनमधली डिस्कच, दिसत नाही. डिस्क बिघडली असं समजून दुकानात धावू नका. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पेजवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, झिप असेल तर उघडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क यादीत दिसू लागते.