अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलंय? या चुका टाळा

अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर आतडं जागेवर यायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर नसल्यामुळे लोक मधल्या काळात जे उद्योग करतात, त्यानेच त्रास लांबतो. २०१८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांना ४ दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिक्स दिली आणि पुढे सहा महिने त्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. साधारण दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परतले. पूर्वी सगळ्यांत असलेल्या ९ जाती मात्र सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. म्हणजे शरीर आपलं काम करतं, पण सावकाश, आणि प्रत्येक नव्या कोर्सची किंमत वेगळी मोजावी लागते. सोमवारी गोळ्या संपल्या आणि गुरुवारी ‘अजून गॅस होतात’ म्हणून हैराण होणाऱ्यांनी आधी कॅलेंडर बघावं.

जुलाबावर दुसरं अँटिबायोटिक

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिचा क्रम इतका ठरलेला की पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत एक तरी घर सापडेल. दाढ दुखते, डॉक्टर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची ६२५ ची गोळी पाच दिवस देतात. गृहस्थ सकाळची गोळी ऑफिसला निघताना चहाबरोबर घेतात, पोटात दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी तीन-चार वेळा पातळ होतं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘लूज मोशनचं काहीतरी द्या’ म्हटलं की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिक-जोडीची पट्टी हातात पडते. दोन गोळ्यांत बरं वाटतं, उरलेल्या आठ ड्रॉवरमध्ये जातात, पुढच्या वेळेसाठी. आठवड्याभरात पोट फुगतं, मग कडक होतं. मग घरातलं ज्येष्ठ कोणीतरी एरंडेल सुचवतं. महिन्याने हेच गृहस्थ ‘मला आयबीएस (आतड्याचा जुनाट त्रास) आहे’ म्हणून सांगत फिरतात.

आता यात मुळात काय झालं होतं? क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे आतड्याची हालचाल वाढते, हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन-चार घासांबरोबर घेतली तर त्रास पुष्कळ कमी होतो. पातळ शौचाचं कारण बहुतेक वेळा नवा जंतू नसतोच. असं असताना आणखी दोन अँटिबायोटिक्स ओतायची म्हणजे फवारणीने उजाड झालेल्या शेतावर पुन्हा फवारणी. पट्टीवरची उभी लाल रेषा शोभेची नाही, ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असा तिचा अर्थ आहे.

करायचं एवढंच: ज्यांनी औषध दिलं त्यांना फोन. गोळ्या थांबवायच्या की बदलायच्या हे त्यांनी ठरवायचं, मनाने बंद करायच्या नाहीत. तोवर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, म्हणजे मोठं पाकीट १ लिटरमध्ये पूर्ण. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकणं बंद करा, क्षारांचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. टेट्रापॅकमधली संत्र्याच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

आणि इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होतंय, सोबत ताप, पोटात कळा किंवा रक्त आहे, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची शंका घ्यावी लागते. कोर्स संपून महिना-दोन महिने झाल्यावरही तो डोकं वर काढू शकतो. अशा वेळी लोपरामाइडने (जुलाब थांबवायच्या गोळीने) जुलाब ‘बांधायचे’ नाहीत. या जंतूचे बीजाणू (टणक कवचातलं त्याचं रूप) सॅनिटायझरने मरत नाहीत, हात साबण-पाण्यानेच धुवायचे.

दही खातोय की! (पण कसं?)

दुसरी आवडती चूक. ‘आम्ही रोज ताक पितो’ म्हणणाऱ्यांना थोडं खोलात विचारलं की कळतं, ते कढी पितात. कढी उकळली की दह्यातले जिवाणू संपले. चवीला उत्तम, पोटालाही हलकी, पण जिवंत काही नाही. मठ्ठ्यावर कडकडीत फोडणी ओतली की तेवढ्या भागात तीच गत, म्हणून फोडणी गार करून घाला. इडली, ढोकळा, आंबील हे पदार्थ आंबवलेले खरे, पण शेवटी वाफवलेले किंवा शिजवलेले. पचायला सोपे म्हणून जरूर खा. आंबील कोमट झाल्यावर वरून ताक घातलं तर मात्र दुहेरी फायदा.

दही घरी लावणं सगळ्यात चांगलं. दूध उकळून ४०–४५ अंशांवर येऊ द्यायचं, म्हणजे स्वच्छ बोट बुडवून दहा सेकंद सहज ठेवता आलं पाहिजे. अर्धा लिटरला एक छोटा चमचा विरजण, नीट ढवळून. एप्रिलमध्ये पाच-सहा तासांत लागतं. डिसेंबरमध्ये पुण्यात रात्रभर ठेवूनही पाणीदार राहतं, तेव्हा भांडं जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवा, दहा-बारा तास धरा. घाई म्हणून चार चमचे विरजण घालणाऱ्यांना आंबट, पाणी सुटलेलं दही मिळतं आणि मग ते साखर घालून खातात. ताकासाठी एक वाटी दह्याला दोन-तीन वाट्या पाणी, जिरेपूड, चवीपुरतं मीठ. दुपारच्या जेवणात एक ग्लास पुरे.

वेळ मात्र बघा. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक्स कॅल्शियमला चिकटतात. दूध-दह्याबरोबर घेतली तर औषध रक्तात कमी पोचतं, इन्फेक्शन तसंच राहतं आणि दुसरा कोर्स नशिबी येतो. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दूध, दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही. सगळ्या अँटिबायोटिक्सना एकच नियम लावू नका.

प्रोबायोटिक म्हणजे विमा नव्हे

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंचं औषध. प्लॅस्टिकच्या छोट्या कुपीतलं बॅसिलस क्लॉसाय किंवा सॅकरोमायसिस बोलार्डीची कॅप्सूल डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या. सॅकरोमायसिस ही यीस्ट आहे, अँटिबायोटिक तिला मारत नाही. लॅक्टोबॅसिलसची कॅप्सूल मात्र अँटिबायोटिकपासून निदान दोन तास दूर ठेवावी. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांनी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये.

पण ‘कोर्स संपला, आता तीन महिने महागडी प्रोबायोटिक’ या योजनेत फार दम नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये अँटिबायोटिकनंतर ११ प्रकारांचं मिश्र प्रोबायोटिक दिलं, तर लोकांचे स्वतःचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला. अभ्यास लहान होता, एकाच उत्पादनाचा होता. तरीही डब्यावरच्या ‘५० अब्ज जिवाणू’ या आकड्याने दिपून जायचं कारण नाही.

एकदम सगळं फायबर

परतणाऱ्या जिवाणूंना खायला तंतू, म्हणजे फायबर, लागतात. पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला गटातले जिवाणू भरपूर असतात, आणि हा गट धान्य-भाज्यांच्या आहाराशी जोडलेला आहे. आपली ज्वारी, मूग, भाज्या हेच त्यांचं अन्न. परदेशी चिया आणि कोम्बुचाच्या मागे लागायची गरज नाही.

फक्त दमाने. पहिले तीन-चार दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं. मग अर्धी ज्वारीची भाकरी, दुधी किंवा पडवळाची भाजी. पोट साथ देतंय असं दिसलं की दुसऱ्या आठवड्यात मोड आलेले मूग, नीट शिजवलेले, अर्धी वाटी. कांदा-लसूण, गवार, मटकी, राजमा यांत गॅस करणारे तंतू जास्त, म्हणून ते शेवटी. भात शिजवून फ्रिजमध्ये गार केला की त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढे जिवाणूंपर्यंत जातो, त्याचा दहीभात करा. भात तासनतास ओट्यावर मात्र ठेवू नका. कोर्स संपल्याचा आनंद रविवारी तर्रीदार मिसळीने साजरा करणाऱ्यांबद्दल काय बोलणार!

एका ओळीत निपटणाऱ्या

एरंडेल, सोनामुखी, ‘डिटॉक्स’चं पाणी: आतडं आधीच रिकामं झालंय, ते आणखी धुऊन काय मिळणार.

लोणचं प्रोबायोटिक आहे: तेल-मोहरीचं आपलं कैरीचं लोणचं मिठाने टिकतं, फोडीभर चवीपुरतंच.

इसबगोल कोरडा तोंडात टाकणं: घशात अडकतो. एक चमचा, भरलेला ग्लास पाणी, लगेच प्या, आणि इतर औषधांपासून दोन तास अंतर.

जुलाबानंतर लगेच ग्लासभर दूध: काही दिवस लॅक्टोज पचत नाही, दही चालतं.

रस्त्यावरचं बर्फ घातलेलं ताक: २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू सापडला होता. टँकरचं पाणी येत असेल तर पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच.

शेवटी ड्रॉवरमधल्या त्या आठ गोळ्या. त्या फेकायच्या, शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत. फेकण्याआधी पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि काय त्रास झाला ते खाली लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की ‘पिवळी, लांबट गोळी होती’ असं सांगावं लागणार नाही.