डाग एकीकडे, गळती दुसरीकडे: पावसाळ्याआधीच्या डागडुजीत या चुका टाळा

छताला डाग दिसला की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. चूक तिथूनच सुरू होते. रंगारी पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो आणि जूनमध्ये घर छान दिसतं. जुलैच्या मध्यावर तोच डाग, त्याच जागी, थोडा मोठा होऊन परत येतो. रंगाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याला डाग झाकायला बोलावलं होतं, तो त्यानं झाकला. पाणी कुठून शिरतंय हे कोणी शोधलंच नव्हतं.

पाणी दिसतं तिथेच ते शिरलेलं असेल, असं मुळीच समजू नका. गच्चीवरच्या बारीक भेगेतून आत गेलेलं पाणी कोब्याखालून उताराच्या दिशेनं सरकतं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरतं आणि दहा-बारा फुटांवर पंख्याच्या हुकाशी टपकतं. म्हणून हातात ब्रश घेण्याआधी डाग नीट वाचायला शिका. पेन्सिलीनं डागाच्या कडेवर रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढून ठेवा. पाऊस पडल्यावर काही तासांत डाग रेघेबाहेर सरकला, तर पाणी वरून किंवा बाहेरून येतंय. फेब्रुवारीत, महिनोन्‌महिने पाऊस नसतानाही भिंत ओलीच असेल, तर पावसाला नावं ठेवू नका. तो वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा किंवा भिंतीतल्या नळाचा प्रश्न आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल आणि वर भिंत कोरडी असेल, तर ओल घराच्या पायातून चढतेय. तिथे गच्चीवर कितीही खर्च केला तरी फरक पडणार नाही. आणि पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल, तर त्या भिंतीतून पाणी बरेच दिवस ये-जा करतंय. त्यावर थेट रंग मारला तर तो टिकणार नाही.

वळवाचा पाऊस ही या तपासणीची फुकट मिळणारी संधी आहे. एप्रिल-मे महिन्यात अर्धा-पाऊण तास धो-धो सर आली की आपण खिडकीशी उभे राहून मातीचा वास घेतो. तो घ्याच, पण सर थांबली आणि विजांचा कडकडाट पूर्ण ओसरला की खडू घेऊन गच्चीवर जा. जिथे जिथे पाणी साचलंय त्या डबक्यांभोवती खडूनं रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलंत तर तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा ती रेघ त्याला जास्त सांगेल.

गच्ची: सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो

एक साधा हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबई-कोकणात असे दिवस दर वर्षी येतात, तर 9,000 लिटरहून जास्त पाणी त्या गच्चीवरून उतरायला हवं. म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर. गच्चीला उतार आणि पाइपांना मोकळं तोंड असेल, तर हे पाणी निमूट निघून जातं. नसेल, तर कितीही महागडं रसायन लावा, साचलेलं पाणी कुठूनतरी वाट काढतंच.

म्हणून आधी उतार पाहा. शंभर फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंचाच्या आसपास, एवढा उतार लागतो. मग पाइपांची तोंडं. पानं अडावीत म्हणून तोंडावर मच्छरदाणीची जाळी बांधायची पद्धत आहे, ती टाळा. बारीक जाळीवर तीन-चार ओली पानं बसली की पाइप बंद, आणि गच्चीचा तलाव होतो. घुमटाच्या आकाराची, मोठ्या फटींची जाळी बसवा, आणि प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओतून ते खाली धडधडत येतं का, हे कोणाला तरी खाली उभं करून पाहा.

गच्ची गळते तेव्हा बहुतेक वेळा मधल्या सपाट भागापेक्षा कडा आणि सांधेच दगा देतात. गच्ची आणि कठडा मिळतात तिथला गोलसर सिमेंटचा वाटा भिंतीपासून सुटलेला असतो. टाकीचा पाइप, डिशचा खांब, सौर बंबाचे पाय जिथे कोब्यात घुसलेत तिथे फट असते. डिश बसवणारा कोब्यात चार बोल्ट ठोकून निघून जातो आणि पुढची चार वर्षं खालचा माणूस बादली ठेवतो. गच्चीत काहीही ठोकू देऊ नका. खांब सिमेंटच्या सुट्या ठोकळ्यावर उभा करायला सांगा. कठड्याचा माथाही पाहा. त्याचा उतार गच्चीच्या बाजूला हवा, नाहीतर माथ्यावरचं मळकं पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळून तिला कायमची ओली ठेवतं.

आता सगळ्यात गंभीर चूक: जुन्या कोब्यावर नवा कोबा. गवंडी म्हणतो, फोडायला नको, वरूनच टाकू. ऐकायला बरं वाटतं, कारण खर्च आणि धूळ दोन्ही वाचतं. पण चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतं. 1,000 चौरस फुटांवर हा बोजा 18 टनांच्या वर जातो, आणि तो कायमचा असतो. तीस वर्षांच्या, आधीच गळून गळून सळ्या गंजलेल्या स्लॅबवर हे ओझं टाकणं धोक्याचं आहे. जुना कोबा काढावा की ठेवावा, हे गवंड्यावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. छताचा गिलावा सुटून गंजक्या सळ्या दिसत असतील तर नुसतं सिमेंट लिंपून त्या झाकणं ही त्याच जातीची चूक. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलतं, त्यामुळे लिंपलेला पोपडा पुन्हा पडणार. तो कुणाच्या डोक्यात पडू नये एवढ्यासाठी तरी हे काम मनावर घ्या.

वॉटरप्रूफिंगचा डबा आणलात तर त्यावरच्या सूचना खरंच वाचा. सिमेंटमध्ये कालवून लावायच्या कोटाला पृष्ठभाग आधी ओलसर करून घ्यावा लागतो. रंगासारख्या थेट ब्रशनं लावायच्या कोटाला मात्र तो कोरडा ठणठणीत हवा. दोन्हींत उलटं केलं की कोट सुटतो. धूळ, शेवाळ, जुने पोपडे तारेच्या ब्रशनं काढल्याशिवाय कोणताच कोट धरत नाही. आणि मेच्या भर दुपारी, तव्यासारख्या गच्चीवर हे काम करू नका. कोट आत मुरण्याआधीच वरून सुकतो आणि तडकतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर लावा.

खरं तर मोठं काम मेमध्ये काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि रंग लावण्याआधी तो महिनाभर तरी सुकू द्यावा लागतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात केलेला गिलावा ओला असतानाच पाऊस येतो. शिवाय मेमध्ये अनेक कारागीर गावी गेलेले असतात, जे असतात त्यांच्या हातात पाच-पाच कामं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गच्चीचा आणि बाहेरच्या भिंतींचा खरा हंगाम. तेव्हा ओलीच्या खुणा ताज्या असतात, हवा कोरडी असते आणि गवंडीही वेळ देतो. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी 24 ते 48 तास साठवून ठेवा आणि खालून छत पाहा. मगच उरलेले पैसे द्या. फक्त आधीच खचलेल्या, सळ्या दिसणाऱ्या स्लॅबवर ही चाचणी इंजिनिअरला विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलोचा भार.

खिडक्या आणि बाहेरच्या भिंती

स्लायडिंग खिडकीतून पाणी आत आलं की लोक सिलिकॉनची नळी घेऊन बाहेरून दिसेल ते भोक बुजवतात. त्या भोकांतली काही मुद्दाम ठेवलेली असतात. खालच्या पट्टीत जमलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती छिद्रं आहेत. ती बुजवलीत की पट्टी भरते आणि पाणी घरात उतरतं. आधी ती धुळीनं बुजलीत का ते पाहा, काडीनं साफ करा, पट्टीत तांब्याभर पाणी ओतून बघा. सिलिकॉन लावायचं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. पाणी त्यानंतरही येत असेल, तर खिडकीच्या खालच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे की आत, हे तपासा.

एसीच्या पाइपांचं आणि केबलचं भोकही असंच. केबल वरून सरळ भोकात आली असेल तर पाणी तिच्याच अंगावरून घरात चालत येतं. भोकाच्या खाली केबलला एक झोळ द्या. पाणी तिथून टपकून जाईल.

भिंतीत उगवलेला पिंपळ वरून छाटून काहीच साधत नाही, तो दुप्पट जोमानं फुटतो. मूळ काढून ती भेग भरावी लागते. उंचावर असेल तर हे काम माहितगार माणसाकडून करून घ्या.

न्हाणीघर

फरशा चकचकीत करायला ॲसिड ओतायची सवय सोडा. ॲसिड फरशांमधलं सिमेंट खातं आणि त्याच फटींतून पाणी खालच्या मजल्यावर जातं. न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, कडेची फट सगळ्यात आधी पाहा. पूर्ण न्हाणीघर फोडायला निघण्याआधी सांधे खरवडून इपॉक्सीनं भरून बघा. कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

कौलं आणि पत्रे

कौलारू घरात फुटकी कौलं बदलून भागत नाही. शाकारणी करताना कौलांखालच्या रिपा वाळवीनं पोखरल्यात का, पन्हळीत पालापाचोळा साचलाय का, हे पाहायला हवं. पत्र्याचे बोल्ट नेहमी उंचवट्यावर मारायचे. खोलगट भागात मारले तर सगळं पाणी त्याच भोकावरून वाहतं. आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. तो बघायला भक्कम वाटतो, पण पटकन फुटतो. आडवी फळी टाका आणि खाली कुणीतरी असल्याशिवाय वर चढू नका.

दरवाजे

पावसाळ्यात फुगलेलं दार जुलैमध्ये रंधून घेऊ नका, डिसेंबरमध्ये त्याच दाराला बोटभर फट पडेल. अडकतं त्या कडेवर मेणबत्ती घासा. उन्हाळ्यात दार उतरवून वरची आणि खालची कड रंगवा. बहुतेक दारांत या दोन कडा कोऱ्याच राहिलेल्या असतात आणि ओल तिथूनच शिरते.

वीज

एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून सुरक्षित, हा समज जिवावर बेतू शकतो. एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला आपोआप बंद होणारा खटका, जास्त भार आणि शॉर्ट सर्किट यांवर पडतो, म्हणजे वीज तोडतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्यासाठी फारच थोडा असतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका, लागतो, आणि अर्थिंगही ठीक हवं. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर तो पडला नाही, तर तो असून नसल्यासारखा आहे. ओल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड पुसत बसू नका. त्या खोलीचा पुरवठा बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सोसायटीत राहत असाल तर

गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून होणारी गळती दुरुस्त करणं, महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटी चालवण्याच्या नमुना नियमांनुसार, सोसायटीचं काम आहे. सदनिकेतल्या न्हाणीघराची किंवा सिंकची गळती त्या सभासदाची. म्हणून वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण्याआधी पाणी नक्की कुठून येतंय ते ठरवा, आणि अर्ज लेखी द्या, तारखेच्या फोटोंसह. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असंही हेच उपविधी सांगतात. वार्षिक सभेत हा विषय निघाला नाही तर तुम्ही काढा. सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबर संपण्याच्या आत होते, तेव्हा छतावरचे डाग अजून ओले असतात आणि नोव्हेंबरच्या कामासाठी दरपत्रकं मागवायला वेळही हाताशी असतो.