मुठा खोऱ्यातली सायकलफेरी: टेमघरचा घाट कसा चढावा आणि मुख्य म्हणजे कसा उतरावा

पुण्याच्या पश्चिमेला धरणांना तोटा नाही. पण रोड सायकलवर अर्ध्या दिवसात एक कस लावणारा चढ, तेवढाच उतार आणि दोन जलाशय गाठायचे असतील तर मुठेच्या खोऱ्यात जावे. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, मुठा गाव, खारावडे, टेमघर धरण आणि घाटमाथ्यावरची लवासाची कमान, असा जायचा रस्ता. परतताना मुठा गावापासून फाटा धरून बहुली, मांडवी, कुडजे करत खडकवासल्याच्या पाण्याच्या बाजूने कोंढवे-धावडे. सगळे मिळून नव्वद किलोमीटरांच्या आसपास.

पानशेतच्या रस्त्याला पाण्याची सोबत जास्त वेळ मिळते, पण टेमघरसारखा घाट तिथे नाही. ताम्हिणीला दोन्ही आहे, शिवाय पावसाळी रविवारी अर्धे पुणे आणि पाऊण मुंबईही असते. तिकडे मंगळवारी जावे.

सायकल आणि सामान

गिअर, म्हणजे साखळीच्या चक्रांचे दात, पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ किंवा ११-३४. मागे २५ दातांवर संपणारी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) सपाटीवर शोभते, टेमघरला ती गुडघे मागते.

टायर २८ मिमी. हवेबद्दल अजूनही ‘ठणठणीत भरा, शंभरच्या वर’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. सत्तर किलो वजनाच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरतात, रस्ता ओला असेल तर त्यातूनही पाच कमी करा. दगडासारखा टायर खडबडीत डांबरावर नुसता उड्या मारतो, आणि उडालेला टायर ब्रेक लावून थांबत नाही.

दोन ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप. हवा भरायच्या नुसत्या गॅसच्या नळ्यांवर भरवसा ठेवू नका. एक फुसकी गेली की पायी चालावे लागते. टायर कापला गेला तर आतून लावायला दुधाच्या रिकाम्या पिशवीचा चौपदरी तुकडा जवळ असू द्या. पिरंगुट सोडले की सायकलच्या सुट्या भागांचे दुकान मिळेल या आशेवर राहू नका, आणि खोऱ्यात मोबाइलची रेंजही ये-जा करते. पुढे-मागे दिवा हवाच, पावसाळ्यात दिवसाही. पाऊस नसला तरी पातळ विंडचीटर खिशात ठेवा, त्याचे काम घाटमाथ्यावर आहे.

पिरंगुट ते टेमघर

पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा. भूगाव-पिरंगुटचा पट्टा सकाळी आठनंतर सायकलचा राहत नाही. पिरंगुटला पोहे किंवा वडापाव खाऊन घ्या आणि पौडच्या रस्त्याने सरळ न जाता डावीकडे लवासाच्या रस्त्याला लागा. खारावड्याच्या म्हसोबापाशी दोन्ही बाटल्या भरून घ्या.

चढ

धरणाची भिंत दिसली की घाट आलाच. चढ साधारण पाच-सहा किलोमीटरांचा आहे. बसून चढवा, पायाची लय मिनिटाला सत्तर फेऱ्यांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि गिअर पायावर भार यायच्या आधी उतरवा. पहिल्या किलोमीटरला दम लागला तर वेग चुकला आहे, तब्येत नाही. चढाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही. जो सावकाश जातो तो पोचतो.

कमान आली की खरा निर्णय करायचा. पलीकडे लवासातल्या दासव्याकडे उतरलात तर तो उतार परत चढावा लागतो, तोही पाय थकलेले असताना. पहिल्या वेळी कमानीपासूनच वळा.

उतार

सगळे चढाची तयारी करून येतात आणि हाडे मोडतात उतारावर. चढावर चूक झाली तर फार तर उतरून ढकलावे लागते. उतारावर सायकल ताशी पन्नासने सुटलेली असते आणि समोर वळण असते.

सुरुवात थांबण्यापासून करा. घामाने भिजलेला माणूस माथ्यावरून थेट खाली निघाला की दोन मिनिटांत बोटे गारठतात, आणि गारठलेल्या बोटांना ब्रेक किती दाबला गेला हे कळत नाही. विंडचीटर घाला, साखळी पुढच्या मोठ्या चक्रावर घ्या, ब्रेकचे दोन्ही लिव्हर दाबून बघा. लिव्हर हँडलबारला टेकत असेल तर तिथेच केबल ताणून घ्या. डिस्क ब्रेक असतील तर लिव्हर स्पंजासारखा लागतो का ते पाहा. लागत असेल तर उताराचा मोह सोडून हळूहळू चालत या.

आता सर्वांत वाईट सल्ला: ‘घाटात मागचाच ब्रेक लावायचा, पुढचा लावलास तर डोक्यावरून जाशील.’ हे ज्याने सांगितले त्याच्या मागे उतारावर राहू नका. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होते. त्यामुळे थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा दाबला की चाक जाम होते, टायर घसरतो, सायकलची शेपटी बाजूला जाते आणि वळणावर माणूस आडवा होतो. डोक्यावरून कोण जातो? ज्याने घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळला आणि ज्याचे हात सैल होते, म्हणून अंग पुढे फेकले गेले. उपाय असा: ढुंगण सीटच्या मागच्या कडेला सरकवा, कोपरे किंचित वाकलेली पण घट्ट ठेवा, आणि पुढचा ब्रेक लिंबू पिळावे तसा वाढत्या दाबाने लावा. मागचा सोबतीला, हलका.

त्याआधी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते माहीत असावे. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या लिव्हरला असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींना तो डावीकडे असतो. मित्राची सायकल घेऊन निघाला असाल तर घराच्या दारातच तपासा.

हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलबारच्या खालच्या वाकड्या भागात. नवशिक्याला वर हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर, हात ठेवणे सुरक्षित वाटते, कारण मान वर राहते. पण तिथून बोटे लिव्हरच्या वरच्या टोकाला पडतात आणि सगळी ताकद लावूनही ब्रेक अर्धाच लागतो. ड्रॉप्समध्ये एका-दोन बोटांत काम होते, आणि खड्डा आला तरी हात सुटत नाहीत. पाठ दुखते म्हणून ड्रॉप्स टाळत असाल तर हँडलबारची उंची वाढवून घ्या, पण उतारावर हात खालीच.

ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम ब्रेकचे पॅड थेट रिमवर, म्हणजे चाकाच्या कडीवर, घासतात; सबंध घाट हलका ब्रेक दाबून उतरणाऱ्याची रिम एवढी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमला तर ब्रेकच्या पट्टीवर कायमची इजा होते. डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नये, तापलेल्या पॅडची पकडही उतरते. सरळ पट्ट्यावर जोरात ब्रेक लावून वेग खाली आणा, मग पूर्ण सोडा. हवा लागते, धातू निवतो.

वळणाचा सगळा हिशोब वळणाच्या आधी संपवायचा. हेअरपिन, म्हणजे उलट फिरणारे तीव्र वळण, दिसले की सायकल सरळ असतानाच वेग उतरवा, कोरड्या रस्त्यावर ताशी पंधरापर्यंत, ओल्यावर दहा-बारापर्यंत. मग ब्रेक सोडून वळा. वाकलेल्या सायकलवर ब्रेक लावणे म्हणजे टायरकडून एकाच वेळी दोन कामे मागणे, आणि ओल्या डांबरावर तो एकही करत नाही. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली, त्यावर अंगाचा भार. नजर वळण जिथे संपते तिथे. दरीकडे पाहाल तर सायकल दरीकडे जाते.

टीव्हीवर शर्यतीत दाखवतात तसे बाहेरून आत, आतून बाहेर करू नका. त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो. तुमच्या समोरून एसटी येते, आणि सहलीला आलेली गाडी वळण कापत अख्खा रस्ता घेते. आपल्या डाव्या अर्ध्या भागात राहा, पण अगदी कडेला नको. डावीकडच्या हेअरपिनला आतली कड सर्वांत तीव्र असते, आणि पाण्याने वाहून आणलेली बारीक खडी नेमकी तिथेच साचते.

पावसाळ्यात आणखी सांभाळायचे ते असे. रिम ब्रेक ओला असताना दाबल्यावर चाकाचे एक-दोन फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात, पकड त्यानंतर येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी लिव्हर हलके टेकवून रिम पुसून घ्या. झाडाखालून रस्ता ओलांडणारा पाण्याचा ओघळ सरळ पार करा, तिथे हिरवट झाक असते ती शेवाळाची. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की काचेसारखे. दरडीचा लाल चिखल दिसला की त्याच्या अलीकडेच वेग कमी, त्याच्यावर ब्रेक नाही. कणसाच्या टपऱ्यांजवळ गाड्यांचे दार कधीही उघडते, त्यामुळे एका दाराएवढे अंतर ठेवून जा. म्हशी आडव्या आल्या तर घंटी वाजवून थांबा आणि सायकल शेपटीकडून काढा. तोंडाकडून गेलात की ती नेमकी पुढे सरकते.

क्वचित सरळ उतारावर सायकलचे पुढचे चाक थरथरायला लागते आणि हँडल आपोआप डावी-उजवीकडे हलते. हँडल आवळून धरू नका, थरथर वाढते. एक गुडघा वरच्या दांडीला टेकवा, ढुंगण सीटवरून किंचित उचला, मागचा ब्रेक हळू लावा. थांबल्यावर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, ढिला आहे का ते बघा. नसेल तर थंडीने तुमचेच हात कापत असतील.

गटात असाल तर उतारावर दोन सायकलींत किमान चार सायकलींचे अंतर, ओल्यावर दुप्पट. आणि हात भरून आले तर थांबा. घाट उतरताना थांबणाऱ्याला कोणी हसत नाही, आणि हसले तर पुढच्या वेळी त्याला सोबत नेऊ नका.

परतीचा रस्ता

उतार संपला की गावातले गतिरोधक लागतात, रंग न दिलेले. हात ड्रॉप्समधून अजून काढू नका.

मुठा गावातून बहुलीचा फाटा घ्या. हा रस्ता अरुंद आहे आणि दर पावसाळ्यानंतर त्याची अवस्था बदलते, तेव्हा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारून पुढे व्हा. खराब असेल तर आल्या वाटेने पिरंगुटला. चांगला असेल तर हा फेरीतला सर्वांत निवांत भाग. मुठेला सांगरुणजवळ मोसी आणि आंबी मिळतात, आणि तिथून पुढे खडकवासल्याचा जलाशय पसरतो. १२ जुलै १९६१ला आंबीवरचे पानशेत धरण फुटले तेव्हा पाणी याच वाटेने पुण्याकडे आले होते. कुडज्यापासून पुढे वाहने वाढतात. कोंढवे-धावडे ते वारजे या पट्ट्यात दुचाकीवाले डाव्या बाजूनेही पुढे काढतात, सरळ रेषा सोडू नका.

घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्या, आणि रिम ब्रेक असतील तर पॅड काढून टाचणीने त्यात रुतलेली खडी आणि ॲल्युमिनियमचे चमकणारे कण उकरून काढा. ते राहिले तर पुढच्या उतारावर कर्रकर्र आवाज येतो आणि रिम खरवडली जाते. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड बदला.