तालुक्याच्या लीगमध्ये गुण कापायचे तर असे कापा

सोयाबीन निघालं की आमच्या तालुक्यात फुटबॉल लीग लागते, अन् पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कामठीचा पोट्टा दुसऱ्याच्या आधार कार्डावर खेळवते. मग भांडण.

म्हणून शिक्षा लीग सुरू व्हायच्या आधी लिहा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, कॅप्टनच्या सह्या घ्या.

दंड घ्यावा की गुण कापावे? जिनिंगवाल्याच्या संघाले दंड म्हणजे चहापाणी. मजुरांच्या पोरांचा संघ तेवढ्यानंच बसते. मैदानावर फायदा लाटला असंल तर गुणच कापा. बोगस खेळाडू सापडला तर सामना ०-३ धरून समोरच्याले तीन गुण द्या, कारण नुकसान त्याचं झालं. उशीर, जर्सी नसणं, याले किरकोळ दंड पुरे.

आकडाही आधीच ठरवा. इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये असं पक्कं कोष्टक नव्हतं. क्लबले ठरवून दिलेली तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टन क्लबचे १० गुण कापले, फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात ते ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबनं तशाच गुन्ह्यात लवकर कबुली देऊन सहकार्य केलं, तर ६ ऐवजी ४ च गेले. कबुलीची सूट मले पटते.

अपील ऐकणारे मात्र वेगळे ठेवा. सरपंच तर नकोच बाप्पा, त्याचा पुतण्या गोलकीपर हाये.

अन् निकाल त्याच हंगामात लावा. पुढच्या वर्षी गुन्हा करणारे पोट्टे पुण्याले कंपनीत असतात, गुण कापले जातात नव्या पोरांचे.